सहभागी क्रमांक सात

हलच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर,
मायक्रोफिल्मच्या यंत्राचं हँडल फिरवत
मी दोन वर्षं क्रियापदं मोजते आहे.
एका वर्तमानपत्राचे अठरा वर्षांचे अंक.
विषय: मासे डबाबंद करणारा कारखाना
आणि त्याचं बंद पडणं.
बंद पडणं! बघा, मीही तेच लिहिलं.
जणू जिन्यावरून पाय घसरला त्याचा.

'एकशे चाळीस नोकऱ्या गेल्या.'
आमच्याकडे दिवे जातात, पाहुणे जातात,
माणूस जातो तेव्हाही 'गेला' एवढंच म्हणतात.
पण नोकऱ्या कुठे गेल्या, कुणी घालवल्या,
सहा कॉलमांत एक अक्षर नाही.

कवठेमहांकाळच्या शाळेत शेटेबाई
डस्टर आपटून विचारायच्या:
खाणारा कोण? पळणारा कोण?
सापडला की कर्ता सापडला.
मी वहीत लिहिते: बंद करणारा कोण?
यंत्राचा पंखा घरघरतो.

मग कंपन्यांच्या नोंदींतून शिडी चढले.
वर्तमानपत्र एका समूहाचं,
समूह लीड्सच्या कंपनीचा,
कंपनी लंडनच्या फंडाची,
आणि फंड म्हणजे जर्सी बेटावरची एक टपालपेटी.
दुसऱ्या दिवशी कारखान्यापासून चढले,
वेगळ्या पायऱ्या, वेगळी नावं,
वर पोचले तर तीच पेटी.
त्या दिवशी जेवायचं विसरले.
डॉ. ऑल्डरसन म्हणाले, 'मालकी' जपून वापर,
'संबंध आढळतो' असं लिही.
आढळतो.

डोरीन सडबी, वय एकाहत्तर, हेसल रोड.
बावीस वर्षं हॅडकची कातडी सोलली,
उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.
तिच्या तोंडी फोनचा फर्न होतो, रोडचा रर्ड.
रेकॉर्डिंग उतरवताना मी ते सगळं नीट करून घेतलं,
शुद्ध, परीक्षकांना कळेलसं.
मीही 'व्हय'चं 'होय' करत करतच इथवर आलेली,
हात सरावलेला.

तिने बिस्किटांच्या डब्यातून कात्रण काढलं.
फाटकाशी उभी एक बाई, थंडीने नाक लाल असणार,
फोटो काळापांढरा. खाली ओळ: 'एक कामगार'.
'ही मी,' ती म्हणाली.
'तो पोरगा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.
नाव विचारायला किती वेळ लागतो गं?
तुझ्या पुस्तकात घाल. सडबीत दोन डी आहेत.'

नीतिमत्ता समितीचा फॉर्म, कलम अकरा:
सहभागींची ओळख गुप्त ठेवली जाईल,
त्यांच्या संरक्षणासाठी.
'कुणापासून?' डोरीनने चष्मा वर करून विचारलं.
मी समितीला ईमेल केली, दोनदा.
उत्तर आलं: आपली विनंती विचारात घेण्यात आली आहे.
तिसरी ईमेल लिहिली आणि ड्राफ्टमध्ये ठेवली.
व्हिसाची मुदत नोव्हेंबरपर्यंत होती.

काल प्रबंध दिला. दोनशे सहा पानं.
पहिल्या पानावर विद्यापीठाचं बोधचिन्ह,
हक्क कुणाचे ते बारीक अक्षरांत.
पान अठ्ठ्याऐंशीवर डोरीन म्हणते,
'त्यांनी आम्हाला बंद केलं, कारखान्याला नाही.'
सगळ्या प्रबंधातलं ते एकच वाक्य
ज्याला कर्ता आहे.
त्याखाली माझं:
सहभागी क्रमांक सात, स्त्री, माजी कामगार.
नाव वगळण्यात आले आहे.

वगळणारा कोण?
शेटेबाई, येतंय उत्तर.
हात वर करत नाही, एवढंच.

रविवारी हेसल रोडला चहाला जायचं आहे.
ती आधी दुधाचं विचारेल, मग पावसाचं,
मग दोन डींचं.